फणसाचा ओंडका जागेवरच चिरायचाय: चेनसॉला टिकाऊ बार कुठला घ्यावा?

वाडीवरचा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आमच्या परड्यातला जुना कापा फणस गेल्या पावसात मुळासकट आडवा झाला. कुडाळ तालुक्यातलं गाव आमचं. बुंध्याशी जाडी अडीच फूट, आणि पहिली फांदी फुटेपर्यंत आठ-नऊ फूट सरळसोट खोड. एवढं पिवळंधमक लाकूड चुलीत घालायला जीव होत नाही. फळ्या पाडून झोपाळ्याचा पाट आणि माजघरात एक लांब बाक करायचा आहे. वखारीत न्यायचं तर परड्यातून रस्त्यापर्यंत जेमतेम बैलगाडी जाईल एवढी पाणंद. क्रेनचं नावच नको. म्हणून ओंडका आहे तिथेच चेनसॉने चिरायचा बेत आहे. चेनसॉ ठराविक उंचीवर धरून फळ्या काढायची, अलास्कन मिल म्हणतात ती चौकट गावातल्या वेल्डरकडून करून घेतोय.

मशीन ५८ सीसीचं चायना, २० इंची बार (चेन ज्याच्या कडेने फिरते ती लांब पोलादी पट्टी). आजवर फक्त आडवे काप घेतलेत: सरपण, वठलेले माड, कुंपणाचे खांब. बारच्या कडेवर नाकाच्या (पुढच्या टोकाच्या) मागे चार बोटं निळसर डाग आलाय आणि कापताना चेन एका अंगाला ओढते. नवीन घ्यायला गेलो तर दुकानदाराने तीन बार पुढे ठेवले. दिसायला तिन्ही भाऊ-भाऊ, किमतीत मात्र दुपटीचा फरक. विचारलं तर म्हणे, 'हा भारीतला.' भारी म्हणजे काय ते त्यालाही सांगता येईना.

तर टिकाऊ बार ओळखायचा कसा? अडीच फुटी खोडासाठी ३६ इंची बार या मशीनला चालेल का? आणि माझी धाकटी बहीण शिल्पकला शिकलेली आहे, तिला उरलेल्या बुंध्यातून कासव कोरायचं आहे. तिला वेगळा बार लागेल की तोच चालेल?

तिरकस_पुणेकर

५८ सीसीला ३६ इंची बार म्हणजे लुनाला उसाची ट्रॉली. निघेल, पण पोचणार नाही.

कानसवाला

वाडीवरचे, तुमचा प्रश्न रोज काउंटरवर येतो. कोल्हापुरात पॉवर टिलर, ब्रशकटर, चेनसॉ दुरुस्तीचं दुकान आहे माझं. बार मीही विकतो, तेव्हा माझं बोलणं त्या हिशेबाने घ्या.

बारच्या दोन जाती ध्यानात ठेवा. एक पत्र्यांचा: पोलादाच्या तीन पट्ट्या एकावर एक ठेवून ठिपक्या-ठिपक्यांनी वेल्ड केलेल्या, मधली पट्टी कडेला आखूड, त्यामुळे चेन धावायची खाच आपोआप तयार होते. हलका आणि स्वस्त. तुमच्या मशीनबरोबर आला तो हाच. दुसरा अखंड: एकाच जाड पट्टीच्या कडेत खाच कोरून काढलेली. वजनाला जड, वाकायला नाखूश. अखंड बारमध्ये बहुतेक वेळा नाक बदलता येतं, म्हणजे टोकाची चाकी झिजली की रिव्हेट काढून नवं नाक बसवायचं, बाकीचा बार चालू. श्टिल कंपनीच्या भाषेत पहिला रोलोमॅटिक ई, दुसरा रोलोमॅटिक ईएस. ऑरेगॉन, हुस्कवार्ना यांच्याकडेही ही विभागणी आहे, नावं वेगळी.

ओळखायचं सोपं आहे. बार उजेडात तिरका धरा. अंगावर गोल ठिपक्यांच्या रांगा दिसल्या तर पत्र्यांचा. काही कंपन्या रंगाखाली झाकतात, मग शेपटीकडची, म्हणजे मशीनमध्ये बसणाऱ्या टोकाची कड बघा, तिथे तीन थरांच्या रेघा दिसतात.

आता मुद्द्याचं. सरपण तोडताना काप मिनिटभराचा, मग मशीन विसावतं. चिरकामात आठ फुटांच्या खोडातून सलग जायचं, मशीन फुल रेसवर, बारची जवळपास सगळी लांबी लाकडात. बारला दम खायला वेळच मिळत नाही. पत्र्यांचा बार इथे आधी तापतो, मग खाच रुंदावते, मग चेन कलते, मग फळी वाकडी. तुमचा निळा डाग म्हणजे कडक करण्यासाठी कडेला दिलेलं पाणी उतरलं. तो भाग आता मऊ आहे आणि बाकीच्या कडेपेक्षा लवकर झिजणार. तो बार चिरकामाला वापरू नका, सरपणाला राहू द्या.

लांबीबद्दल: ३६ इंच विसरा. ३६ इंचाने सलग चिरायचं तर ९० सीसीच्या पुढचं मशीन हवं. ५८ सीसीला २० इंच हीच हद्द, आणि चायना मशीनवर छापलेल्या सीसीवर फार जाऊ नका, आत बऱ्याचदा कमीच निघतात. शिवाय चौकटीचे दोन्ही पकडे बारची लांबी खातात. २० इंची बारवर हातात १६ इंच राहतात. पुढचे खिळे, म्हणजे दातेरी पट्टी काढून टाकली तर आणखी इंचभर मिळेल.

वाडीवरचा

म्हणजे तीस इंची खोडातून सोळा इंची बार कसा न्यायचा? बोंबललं की.

सुतारपक्षी

बोंबलत नाय. मी मालवणचो, चार पिढ्यांचा सुतारकाम. आमचे आजे दोघा माणसांची करवत ओढून माडाएवढे वासे काढीत, त्यांच्याकडे पण तीस इंचाची पात नव्हती एका माणसासाठी.

(बाकीच्यांसाठी शुद्धात लिहितो.) खोड आधी कमी करा. वरच्या अंगाला एक शिडी किंवा सरळ फळी खिळ्यांनी ठोका, ती लेव्हलला आणा आणि पहिलं साल-पाठ त्याच्यावरून काढा. वर सपाट झालं की त्या सपाटीवर दोरी मारून दोन्ही बाजूंनी उभे काप घ्या. त्याला ती छोटी पट्टीवर चालणारी चौकट मिळते, उभी मिल. दोन्ही बाजू उतरल्या की मधला चौकोनी गाभा चौदा-पंधरा इंचांचा राहतो, त्यातून तुमच्या २० इंची बारने आरामात फळ्या निघतील. बाजूच्या पाठीतून बाकाचे पाय करा.

आणि पाटाला वीस इंच रुंदी हवी तर दोन फळ्या जोडा. फणसाची अखंड रुंद फळी सुकताना वाटीसारखी वळते. जोडलेला पाट सरळ राहतो. आमच्याकडे जुन्या घरांत बघा, बहुतेक झोपाळे जोडलेलेच आहेत.

रानभूल

मधेच बोलते, पण कुणीतरी बोलायला हवं. फणस, आंबा, साग, ऐन, किंजळ ही झाडं महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत आहेत. आपल्या मालकीचं आणि पावसात पडलेलं असलं तरी चिरायला हात लावण्याआधी वनपालांच्या कानावर घाला. फळ्या वाहनात घालून दुसऱ्या गावी नेणार असाल तर वाहतूक परवान्याचं आधीच विचारा. शेजाऱ्याने तक्रार केली की मग पळापळ.

वाडीवरचा

ताई, ते केलंय. पडल्याच्या दुसऱ्या दिवशी तलाठी आणि वनरक्षक दोघांनाही बोलावलं होतं. फोटो काढून गेले. फळ्या घरातच राहणार आहेत.

घाटमाथा

कानसवाल्यांशी थोडा असहमत. मी राधानगरीकडचा, पत्र्यांच्या बारवर आंबा, जांभूळ, सावर भरपूर चिरलंय. बार काही वितळला नाही. मुद्दा तेलाचा आहे. मशीनचा पंप आडव्या कापासाठी बनवलेला. चिरताना तेल बारच्या मुळाशी पडतं, वरच्या कडेने नाकापर्यंत जातं आणि नाकाला वळसा घालताना बरंचसं उडून जातं. नेमकं त्यानंतर चेन लाकडात शिरते. म्हणजे जिथे काम, तिथे कोरडं. नाकाकडे एक बाटली टांगा, सलाईनची नळी लावा, थेंब-थेंब तेल चेनवर पडू द्या. सलाईनची चाकी फिरवून थेंब कमीजास्त करता येतो. इतकं केलं की स्वस्त बारही तगतो.

कानसवाला

घाटमाथा, बाटलीबद्दल शंभर टक्के सहमत. ते मीच लिहिणार होतो. आणि आंबा, सावर मऊ लाकडं, तिथे पत्र्यांचा बार चालूनही जाईल. फणस मध्यम. पण वाडीवरच्यांच्या घरी उद्या ऐन पडला, किंवा कुणी जुन्या वाड्याची सागाची तुळई आणून दिली, तर? सागात वाळूचा अंश असतो, सिलिका, तो धार खातो. धार गेली की माणूस दाबतो, दाबलं की बार तापतो. टिकाऊ बार घेतल्याने फरक पडतो तो अशा वेळी.

माजी_फिटर

दुकानदार सांगत नाहीत अशी एक गोष्ट. चांगल्या बारच्या दोन्ही कडांना इंडक्शनने (विजेने तापवून) पाणी दिलेलं असतं, मधलं अंग तुलनेने मऊ असतं म्हणजे तो लवचीक राहतो. दुकानात छोटी बारीक कानस खिशात घेऊन जा. कडेच्या शेवटी, शेपटीजवळ जिथे चेन चालत नाही तिथून सुरू करून कडेच्या मध्यापर्यंत हलकेच फिरवा. पाणी असेल तिथे कानस काचेवरून गेल्यासारखी घसरते, चावत नाही. सगळीकडे सारखी चावली तर तो बार परत ठेवा, त्यावर कुठल्याही कंपनीचा शिक्का असला तरी. बाजारात नावाजलेल्या कंपन्यांचे शिक्के मारलेले नकली बार आहेत.

आणि शिक्क्यापेक्षा शेपटीवरचे आकडे वाचा. पिच, गेज आणि कड्यांची संख्या तिथे कोरलेली असते. पिच म्हणजे कड्यांमधलं अंतर: १/४, .३२५, ३/८, .४०४ इंच. गेज म्हणजे खाचेत बसणाऱ्या कडीची जाडी: १.१, १.३, १.५, १.६ मिलिमीटर. १.६ च्या खाचेत १.५ ची चेन बसते, फिरतेही, म्हणून लोक चालवतात. ती पहिल्या दिवसापासून कलते आणि खाच वाकडी करते. मग बार वाईट निघाला म्हणायचं.

कोकण_एक्सप्रेस

वाचनखूण साठवली. माझ्याकडे असाच पडका आंबा आहे.

वाडीवरचा

फिटरकाका, कानस घेऊन गेलो होतो. दुकानदार आधी चिडला, मग स्वतःच बघत बसला. तीनपैकी दोन बारांवर कानस घसरली, तिसऱ्यावर लोण्यासारखी चालली. महागातला तिसराच होता!

माजी_फिटर

:) काका नका म्हणू, निवृत्त झालो असलो तरी.

ओरेगॉनकर

नमस्कार. मूळ गाव सातारा, सध्या अमेरिकेत, ओरेगॉन राज्यातलं पोर्टलंड. कोरीवकामाच्या प्रश्नाकडे कुणी वळलं नाही म्हणून लिहितेय, कारण माझा तो छंद आहे. आमच्या राज्यात किनाऱ्यावर रीड्सपोर्ट म्हणून गाव आहे, तिथे चेनसॉ कोरीवकामाची स्पर्धा भरते. अस्वलं आणि गरुड बघून डोळे थकतात, पण हात बघण्यासारखे असतात.

बहिणीसाठी बार वेगळाच लागेल. साध्या बारचं नाक रुंद आणि गोल. कासवाच्या पाठीवरच्या खाचा, डोळ्याची खोबण, मानेखालची जागा, कुठेच ते शिरणार नाही. आणि शिरवलं तर नाकाच्या वरच्या पाव भागाने लाकूड पकडलं की मशीन उसळून तोंडाकडे येतं. कोरायचा बार टोकाला निमुळता असतो. इथे त्यांना नाण्यांवरून ओळखतात: सर्वांत बारीक टोक दहा सेंटच्या नाण्याएवढं, साधारण १८ मिलिमीटर व्यासाचं, त्याहून मोठं पाव डॉलरच्या नाण्याएवढं, २४ मिलिमीटर. टोक लहान म्हणून उसळी कमी. कमी म्हणाले, नाही असं नाही.

या बारच्या टोकात फिरणारी चाकी नसते. चेन थेट पोलादावर घासत वळसा घेते. म्हणून टोकावर स्टेलाइट चढवलेलं असतं, कोबाल्ट-क्रोमियमचा मिश्रधातू, तापला तरी कडकपणा सोडत नाही. टिकाऊपणाचा सगळा खेळ त्या नखाएवढ्या जागेत असतो. ते टोक गेलं की बार गेला, नाक बदलायची सोय नाही. जपानची सुगिहारा, कॅनडाची कॅनन आणि श्टिल यांचे असे बार माझ्या वापरातले किंवा मित्रांच्या वापरातले आहेत. तिन्ही चांगले. तुमच्याकडे जो मिळेल आणि ज्याची चेन पुन्हा मिळेल तो घ्या.

चेन म्हणजे १/४ इंच पिचची, बारीक दातांची. मोठ्या पिचच्या कड्या त्या दहा सेंटच्या नाण्याएवढ्या टोकावरून वळतच नाहीत. आणि इथे लोक फसतात: फक्त बार-चेन बदलून चालत नाही, मशीनच्या क्लचवरची दातेरी चाकीही १/४ पिचची बसवावी लागते. नाहीतर चेन चाकीवर उड्या मारते.

५८ सीसीचं धूड कोरायला अजिबात नको. ३०-३५ सीसीचं हलकं मशीन आणि १२ इंची कोरीव बार. बॅटरीचंही चालेल, शेजारी दुवा देतील. मोठा नको असलेला भाग तुम्ही साध्या बारने उडवून द्या, आकार तिने काढावा.

वाडीवरचा

हे सोनं आहे ताई. बहिणीला दाखवलं. तिचा प्रश्न: बुंधा अजून जमिनीत आहे, मुळांसकट अर्धा उखडलेला. तिथेच कोरलं तर?

ओरेगॉनकर

माती! टोकाचा सर्वांत मोठा शत्रू. तुमची तर जांभ्याची तांबडी माती, कोरडी झाली की दगडच. बुंधा जमिनीपासून वीतभर वर कापून वेगळा काढा, ओट्यावर ठेवा, साल पूर्ण काढा, तारेच्या ब्रशने घासा, पाण्याने धुवा. सालीच्या भेगांत मातीचे कण बसलेले असतात. एक खडा धार घालवतो, आणि बोथट चेन टोकावर दाबली की स्टेलाइटही लाल होतं.

चेनचा ताण कोरीव बारवर साध्यापेक्षा थोडा घट्ट ठेवायचा आणि सारखा बघत राहायचा. ढिली चेन त्या छोट्या टोकावरून सहज उतरते. काम थांबवताना मात्र ढिली करून ठेवा, गार झाल्यावर चेन आवळते.

जाता जाता एक मजा. चेनच्या दातांचा आजचा आकार आमच्या गावचा. जो कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने १९४६ साली एका किड्याची अळी बघितली, लाकूड डावी-उजवीकडे आलटून-पालटून कुरतडत पुढे जाणारी. त्यावरून त्याने डावा-उजवा दात असलेली चेन बनवली आणि १९४७ मध्ये कंपनी काढली. तीच पुढे ऑरेगॉन.

तिरकस_पुणेकर

म्हणजे भुंगा लाकूड पोखरतो ते वाया जात नाही. आमच्या दाराच्या चौकटीत त्यांची आर अँड डी चालू आहे.

शिकाऊ_सुतार

मग चिरकामालाही चाकी नसलेला स्टेलाइटवाला अखंड बार का नको? चाकीचं बेअरिंग जाण्याची भानगडच नाही.

कानसवाला

चांगला प्रश्न. काहीजण घेतात. श्टिलचा ड्युरोमॅटिक त्याच जातीचा. चिखल-माती, आग विझवायची कामं, मोडकी घरं उचकटणं, तिथे तो राजा. पण टोकावर घासून फिरल्याने मशीनची ताकद त्यात जाते आणि उष्णता वाढते. ५८ सीसीकडे उधळायला ताकद नाही. चाकीवाला घ्या आणि चाकी सांभाळा. नाकावर ग्रीसचं भोक दिलेलं असेल तर रोज काम संपल्यावर ग्रीस भरा, नसेल तर भोक पाडायला जाऊ नका, ती बंद बेअरिंगची असते.

आणि एक: वेल्डरला सांगा, चौकटीचा पुढचा पकडा चाकीवर येता कामा नये. पकडा आवळला की नाकाच्या दोन्ही बाजू चेपतात, चाकी अडते, आणि दोन फुटांत नाक जळतं. पकडा चाकीच्या मागे, भरीव अंगावर.

घाटमाथा

तेलाचा विषय निघालाच आहे तर: मी बाटलीत जळकं ऑइल वापरतो. गॅरेजमध्ये फुकट मिळतं.

माजी_फिटर

फुकट नाही ते. जळक्या ऑइलमध्ये इंजिनाचा झिजलेला धातू असतो, बारीक भुकटी. तीच तुम्ही खाचेत ओतता, वर म्हणता बार टिकत नाही. शिवाय ते फवाऱ्यासारखं उडतं, अंगावर, तोंडावर, आणि ज्या फळीवर उद्या पोरं झोके घेणार तिच्यात मुरतं. त्यातली काही द्रव्यं कर्करोगाला कारण ठरतात. नवं चेन ऑइल चिकट असतं, तार सुटते त्याची, म्हणून ते चेनवरून उडत नाही. परवडत नसेल तर नव्या जाड ऑइलचा सुटा डबा आणा, पण जळकं नको.

घाटमाथा

बरं. फळीवरच्या डागांचं पटलं. धातूचं आता बघतो, तळाशी लोहचुंबक टाकून.

सुतारपक्षी

खोबरेल तेल घालणारेपण आसत आमच्याकडे. वास बरो येता, पण थंडीत थिजता. आणि करंजेल वापरलंत तर काम झाल्यावर मशीन धुवा, पडून राहिलं की पंपात गोंद होतो.

वाडीवरचा

बार घेतला. २० इंची, अखंड, बदलत्या नाकाचा, .३२५ पिच, १.५ गेज, ७६ कड्या. जुन्या चेन बसतात. आता चेनबद्दल: चिरकामाची चेन वेगळी असते म्हणतात, दुकानात नाही.

कानसवाला

साध्या चेनच्या दाताचा कोन ३० अंशांच्या आसपास, तो आडव्या कापासाठी. उभ्या चिरकामाला १० अंश. श्टिलची ३/८ पिको पिचमधली ६३ पीएमएक्स याच कामाची, पण तुमच्या बारला बसणार नाही. तुमच्याच मापाची नवी चेन घ्या आणि कानस आडवी धरत धरत प्रत्येक दात १० अंशावर आणा. एकदाच सगळं घासू नका, धार लावताना दर वेळी थोडं थोडं. काप हळू जाईल, पण फळीवर ओरखडे कमी आणि रंधा मारायला हलकं.

बारची रोजची निगा: दर वेळी चेन उतरवली की बार उलटा करून लावा, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतील. खाच आतून साफ करा. कडेवर बाहेर आलेली धारदार किनार बोटाला लागते, ती सपाट कानसेने पाडा. तेलाच्या भोकात तार घाला. फणस ओला असेल तर हे रोजच्या रोज हवं, त्याचा चीक आणि भुसा मिळून खाचेत पिवळा गोंद बसतो. रात्रभर राहिला तर सकाळी स्क्रू ड्रायव्हरने खरवडावा लागेल. रॉकेल किंवा डिझेलचा बोळा फिरवा.

रानभूल

कानाला मफ्स, डोळ्याला चष्मा, पायात बूट. चिरताना तोंड भुशाच्या झोतात असतं, मास्क विसरू नका. आणि ते लुंगी नेसून चेनसॉ चालवणं बंद करा सगळ्यांनी, गावोगाव बघते मी.

वाडीवरचा

मंडळी, काम सुरू झालंय. सुतारपक्षींच्या सांगण्याप्रमाणे वरची पाठ काढली, दोन्ही बाजू उतरवल्या. गाभा पंधरा इंचांचा मिळाला. आतला रंग हळदीसारखा, सगळं परडं पिवळं झालंय. सलाईनची बाटली लावली, प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या नर्सबाई हसल्या पण नळी दिली. पहिल्या तीन फळ्या सरळ, दीड इंची. बार हाताला कोमट, निळा डाग कुठे नाही.

चौथ्या फळीत मात्र काहीतरी बिनसलं. सुरुवातीला दीड इंच, शेवटाकडे जाताना एका कडेला पावणेदोन. काप खाली उतरत गेला. नवीन बार इतक्यात झिजला का?

माजी_फिटर

बार इतक्यात जात नाही. तरी खात्री करून घ्या. चेन चढवलेली असताना बारच्या अंगाला एक सरळ पोलादी पट्टी टेकवा, अशी की ती दाताच्या बाजूलाही लागेल. पट्टी आणि बार यांच्यात बारीक फट दिसली पाहिजे. मग चेन बोटाने पट्टीच्या उलट दिशेला कलवा. फट तशीच राहिली तर खाच ठीक. फट मिटली तर खाच रुंदावली. दोन्ही बाजूंनी बघा, नाकाजवळ आणि मध्यावर.

दुसरं, बार सपाट काचेवर कडेवर उभा करा. आपल्या आपण सरळ उभा राहिला तर दोन्ही कडा समान उंचीच्या. झुकला तर एक कड खाली गेलीय.

वाडीवरचा

दोन्ही केलं. फट राहते. खिडकीच्या काचेवर बार सरळ उभा राहतो, हात सोडला तरी.

कानसवाला

मग बार निर्दोष, चेन बघा. डावे दात आणि उजवे दात यांची लांबी मोजा, जवळ धरून. एका बाजूचे बोथट किंवा आखूड झाले की चेन धारेच्या बाजूला खेचते आणि काप तिकडे वळतो. तिसऱ्या आणि चौथ्या फळीच्या मध्ये काही लागलं का? खिळा, तार, गोळी?

वाडीवरचा

लागलं! चौथ्या फळीच्या मध्यावर करकर आवाज आला होता, मला वाटलं गाठ असेल. आता फळी उलटून बघितली तर काळ्या डागाच्या मधोमध लोखंडी कडी. आजोबांच्या वेळी इथे म्हैस बांधायचे. लाकडाने ती चार इंच आत गिळली होती. डावीकडच्या सगळ्या दातांची टोकं चकाकतायत, उजवे ठीक.

सुतारपक्षी

परड्यातल्या फणसाक कडी, खुंटी, कपडे वाळत घालूची तार, काय ना काय असताच. काळो डाग दिसलो की थांबायचा. लोखंडामुळे फणस आजूबाजूक काळो पडता, तो डाग कडीच्या वर-खाली फूटभर जाता. उरलेल्या गाभ्यात खालच्या बाजूक बघ, दुसरी कडी आसतली. म्हशीक दोन बाजूंनी बांधीत.

कानसवाला

आता दात. सर्वांत जास्त गेलेला डावा दात शोधा, तो चांगला होईपर्यंत घासा, आणि मग सगळे, उजवेसुद्धा, त्याच लांबीवर आणा. फक्त डावेच घासले तर ते आखूड राहतील आणि काप पुन्हा वळेल. दात आखूड झाले की समोरचा खोलीचा टप्पाही (दात किती खोल चावेल ते ठरवणारा पुढचा उंचवटा) त्या प्रमाणात सपाट कानसेने उतरवा, नाहीतर धार असूनही चेन नुसती भुकटी पाडेल. भुकटी म्हणजे उष्णता, आणि उष्णता बारच्या वाट्याला. गोल कानस .३२५ पिचला ४.८ मिलिमीटरची.

वाडीवरचा

४.८ ची आहे. उद्या सकाळी घासायला बसतो. शेजाऱ्याकडून मेटल डिटेक्टर मागवलाय, त्याला विहिरीत पडलेली घागर शोधायला घेतलेला. बहिणीचा कोरीव बार आणि १/४ ची चाकी कोल्हापूरहून मागवू का, कानसवाले? तिचं मशीन ३२ सीसीचं आहे.

कानसवाला

मशीनचं मॉडेल व्यक्तिगत निरोपात कळवा. चाकीच्या आतल्या दात्यांची संख्या मॉडेलगणिक बदलते, क्लचचं झाकण काढून फोटोही पाठवा. फोटो आल्याशिवाय बार पाठवणार नाही.